मोबाइलमधला, डब्यातला आणि मिरजेचा: शिकणाऱ्याने कोणता तंबोरा घ्यावा?

गाणं शिकायला लागलेल्या मुलाच्या घरात सगळ्यात आधी पेटी येते. क्लासमध्ये पेटीवर सूर मिळतो, घरी पेटीवर अलंकार घोटले जातात, परीक्षेलाही पेटी साथीला असते. तंबोरा कुठेतरी मोबाइलवर लावलेला असतो आणि पंख्याच्या आवाजात तो ऐकूही येत नाही. शास्त्राच्या पेपरात मात्र हीच मुलं तंबोऱ्याची आकृती काढून भोपळा, तबली, घोडी, खुंट्या अशी नावं बिनचूक लिहितात. त्यातल्या कितीतरी जणांनी तंबोऱ्याला हातही लावलेला नसतो.

दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून क्लासेसची गर्दी वाढली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. चौथी-पाचवीत सुरू केलेलं गाणं दहावीनंतर सुटलं तरी कान उरतो. तो कान कशावर तयार झाला, यावर पुढे त्या माणसाला गाणं किती ऐकता येईल हे ठरतं. म्हणून तंबोरा कोणता घ्यावा हा प्रश्न चैनीचा नाही. बाजारात तीन पर्याय आहेत: मोबाइलमधलं ॲप, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा आणि मिरजेचा खरा तंबोरा. तिन्हींची पारख एकाच कसोटीवर करता येते. ती कसोटी म्हणजे गंधार.

तंबोऱ्याला चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या (जोडीच्या) आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार एकटी छेडली की षड्जाच्या पोटातून शुद्ध गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा तो स्वयंभू स्वर असतो. काळी एकच्या पट्टीत (पेटीची पहिली काळी षड्ज धरून) खर्ज साधारण 69 हर्ट्झवर असतो, त्याची पाचपट म्हणजे 346.5 हर्ट्झ. आता पेटीवर त्याच पट्टीतला गंधार दाबा. पेटीची सप्तकं बारा सारख्या भागांत वाटलेली असतील (बहुतेक पेट्यांची असतात), तर तो 349 हर्ट्झच्या थोडा वर लागतो. फरक पावणेतीन हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला अडीच-तीन हेलकावे ऐकू येतात. नुसत्या पेटीवर वाढलेल्या मुलाचा गंधार जो चढा लागतो, त्याचं मूळ इथे आहे. गुरुजी ‘गंधार जरा खाली घे’ म्हणतात आणि मुलाला कळत नाही की कुठे खाली, कारण घरी रोज जो ऐकला तोच तो लावत असतो. पंचमात हा घोळ होत नाही, तिथे पेटीचा आणि तंबोऱ्याचा फरक नगण्य आहे.

ज्या साधनातून हा गंधार स्वच्छ ऐकू येईल ते शिकायला उपयोगी, बाकीचं पार्श्वसंगीत.

आता ॲप. आजची चांगली तंबोरा-ॲप्स आवाजाच्या बाबतीत वाईट नाहीत. खऱ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण त्यात वापरलेलं असतं, पट्टी सूक्ष्म अंशांनी वरखाली करता येते, पहिल्या तारेला पंचम, मध्यम किंवा निषाद लावता येतो. ॲप फुकट घेतलं की विकत, याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते मोबाइलच्या स्पीकरमुळे. इवल्याशा स्पीकरमधून 69 हर्ट्झचा खर्ज बाहेर पडणं शक्य नसतं. जे ऐकू येतं ते वरचे स्वयंभू स्वर असतात आणि खालचा षड्ज आपला मेंदू भरून काढतो. त्यामुळे पट्टी कळते पण आधार मिळत नाही. मुलगा आवाज टाकायला घाबरतो, बारीक आवाजात गातो, आणि शिक्षकांना वाटतं की दमसास कमी आहे. उपाय साधा आहे: मोबाइल एखाद्या बऱ्या स्पीकरला तारेने जोडा. ब्लूटूथही चालतं, पण काही स्पीकर सावकाश चालणाऱ्या तंबोऱ्याला शांतता समजून मधेच झोपतात. तंबोरा इतपतच मोठा ठेवा की गाताना स्वतःचा आवाज आणि तंबोरा दोन्ही ऐकू येतील. रियाझाच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर टाका. आलापात मेसेजची टिंग वाजली की मोडलेली समाधी पुन्हा लागायला दहा मिनिटं जातात.

ॲपमध्ये एक गोष्ट मुद्दाम तपासावी. आवर्तन जिथे संपून पुन्हा सुरू होतं तिथे टिचकीसारखा आवाज येतो का? डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं की सापडतो. सापडला तर ते ॲप सोडा, कारण एकदा तो कानात बसला की प्रत्येक आवर्तनाला तोच ऐकू येतो. लयही अगदी संथ ठेवा. तंबोरा तालाला बांधलेला नसतो. तो जलद केला की मुलं नकळत त्याच्या लयीत गाऊ लागतात.

ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी, विशेषतः परदेशातून इथल्या गुरूंकडे शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी, एक स्वतंत्र अडचण आहे. झूमसारख्या सेवा सलग चालणारा आवाज म्हणजे गोंगाट समजून तो गाळून टाकतात. तंबोरा हा त्यांच्या लेखी पंख्यासारखाच. म्हणून शिक्षकांना शिष्याचा तंबोरा ऐकूच जात नाही, आणि कधी कधी लांबवलेला षड्जही मधेच विरतो. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय आहे. तो सुरू करावा आणि दोन्हीकडे आपापला तंबोरा एकाच पट्टीत लावावा. आवाज पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे शिक्षकांच्या तंबोऱ्यावर विसंबून गाण्यात अर्थ नाही.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा ॲप आल्यावर कालबाह्य झाला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्याचा मोठा गुण हा की तो फक्त तंबोरा आहे. बटण दाबलं, पट्टी लावली, बसलं. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात रियाझासाठी फोन देण्यापेक्षा हा डबा देणं शंभर पटींनी बरं. घेताना मात्र दुकानात पाच मिनिटं वाजवून बघा. स्पीकर निदान तळहाताएवढा असावा. मोठ्या आवाजात डबा थरथरून त्याचा प्लास्टिकचा खुळखुळाट येऊ नये. पट्टीची सूक्ष्म जुळणी करणारी कळ फिरवून सोडली की सूर तिथेच थांबला पाहिजे. जुन्या धाटणीच्या, फिरत्या खुंटीच्या डब्यांत तासाभराने डबा गरम झाला की पट्टी किंचित सरकते. आकडा दिसणारे डिजिटल डबे इथे सरस. काही हजारांत चांगला मिळतो आणि काळजी न घेताही वर्षानुवर्षं टिकतो.

पण गंधाराच्या कसोटीवर डबा काठावर पास होतो. गंधार ऐकू येतो, रोज तसाच, प्रत्येक छेडीला तोच. खऱ्या तंबोऱ्यात तो फुलतो आणि मावळतो, बोट जरा वेगळं पडलं की दुसराच स्वर पुढे येतो. डब्याचा मोठा उणेपणा मात्र वेगळा: तो आधीच लागलेला असतो. तंबोरा लावणं, म्हणजे जुळवणं, हाच गाण्याचा पहिला धडा आहे आणि डबा तो धडा घेतच नाही.

आता मिरज.

मिरजेत तंतुवाद्यं बनायला लागली एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी, तलवारींचे दिवस संपल्यावर, वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळली. त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. ही घराणी पुढे सतारमेकर म्हणूनच ओळखली जाऊ लागली आणि गावात सतारमेकर गल्ली झाली. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत होते. तंबोऱ्याच्या बाबतीत त्यांचा कान किती काटेकोर होता, हे किराणा घराण्याचं सुरावर रेंगाळणारं गाणं ऐकलं की कळतं. 1937 साली ते गेले; मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. मागणारा गवैया आणि घडवणारा कारागीर एकाच गावात असल्यामुळे हे वाद्य असं घडलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा खरेदीदाराला व्यवहारातला फायदा एवढाच की मिरजेचा म्हणून दुसरीकडचा माल विकणाऱ्याला आता विचारणा करता येते.

भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून. खायचा भोपळा हा नव्हे. हा कडू, जाड सालीचा, महिनोन्‌महिने वाळवलेला. तो पाण्यात भिजवून नरम करतात, कापतात, आतून आधार देऊन आकारात बसवतात, मग त्याला गळा आणि दांडी जोडतात, वरून तबली, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी फळी, बसते. दांडी-तबलीला तुणीचं लाकूड लागतं. ते नीट मुरलेलं नसेल तर दोन पावसाळ्यांत दांडी पुढे झुकते आणि तारा उचलल्या जातात.

घेण्याआधी पट्टी पक्की करा. बाकी सगळं याच्या मागून येतं. मर्दानी तंबोरा काळी एक-काळी दोनच्या आसपास बोलतो, जनानी काळी चार-पाचला. मर्दानी तंबोरा काळी एकवरून पांढरी तीनपर्यंत, म्हणजे तीन पट्ट्या, चढवला की तारांवरचा ताण सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो. तारा तुटतात, नाहीतर तबली दबते. उलट, जनानी तंबोरा काळी दोनपर्यंत उतरवला की तारा सैल पडून नुसत्या फडफडतात. ‘घरात एक तंबोरा, दोघं भावंडं वापरतील’ हा हिशेब इथे चालत नाही. आणि मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर थांबा. आवाज फुटला की पट्टी पाच-सहा स्वरांनीसुद्धा उतरते, आणि तिथे ती स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर डबा किंवा ॲप हेच योग्य. मुलींची पट्टी तुलनेने लवकर बसते, तरी पंधरा-सोळा वर्षांच्या आधी घाई करू नये.

कारागिराकडे गेल्यावर नक्षी बघू नका. सेल्युलॉइडची पानं-फुलं, कोरलेला गळा, मोर या सगळ्यांनी किंमत चढते, आवाजात कणभर फरक पडत नाही. शिकणाऱ्याने साधा, कमी नक्षीचा, चांगल्या तबलीचा तंबोरा मागावा. दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून एका टोकाकडून बघा, वाक असेल तर लगेच दिसतो. भोपळ्यावर बोटाच्या पेराने चहूबाजूंनी टकटक करा. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आत चीर बुजवलेली असू शकते. पॉलिशखाली बुजवलेली भेग दिव्याच्या तिरप्या प्रकाशात ओळखू येते. गळा आणि भोपळा जिथे जुळतात तिथे बोट फिरवा, कंगोरा लागता कामा नये. खुंट्या फिरवून बघा: फिरताना कचकच न करता, सोडल्यावर मागे न सरकता बसल्या पाहिजेत.

मग तंबोरा लावून घ्या, किंवा शिक्षकांना बरोबर न्या. तीन तारांवर हात ठेवून एकटी खर्जाची तार छेडा. षड्ज उमटेल, विरायला लागेल, आणि मग गंधार वर येईल. त्याला किती वेळ लागतो आणि तो किती टिकतो, हे ऐका. पटकन येऊन पटकन मेला तर तबली जाड आहे किंवा जवारी (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याचा उतार) उघडी आहे. आलाच नाही तर जवारी बसलेली आहे, आणि ते कारागीर तिथल्या तिथे सुधारून देऊ शकतो. तबली त्याला बदलता येणार नाही.

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्यावरचा तो जेमतेम दिसणारा उतार. तार घोडीवर टेकते ती एका रेषेत नाही, त्या उतारावर लोळत टेकते, आणि म्हणूनच झंकार निर्माण होतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी धागा सरकवायचा. केसाएवढा पुढे-मागे केला की एका जागी आवाज अचानक उमलतो. ती जागा प्रत्येक तारेची वेगळी असते, आणि पट्टी बदलली की तीही बदलते. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे धागा फार जाड घेणं. मग झंकार न येता तार नुसती ‘टण्ण’ वाजते. एकपदरी शिवणाचा दोरा सोलून घेतला तरी भागतं.

लावायचा क्रम ठेवा. आधी जोडीच्या दोन तारा एकमेकींशी, हेलकावे पूर्ण थांबेपर्यंत. मग खर्ज, शेवटी पंचम. खुंटी पिळताना ती आत दाबत पिळायची. नुसती फिरवली की निसटते. निसटतच असेल तर खडूची पूड लावा. पावसाळ्यात खुंटी फुगून अडकते, तेव्हा जोर करू नका, दांडीचं भोक फाटतं. खुंटीने सूर जवळपास आणायचा आणि बाकीचं काम घोडीखाली तारेत ओवलेल्या मण्याने करायचं: मणी खाली सरकवला की सूर चढतो. सवय नसलेल्याला सुरुवातीला वीस मिनिटं लागतात आणि रियाझाची वेळ त्यातच गेली म्हणून पालक हळहळतात. हळहळू नये. दोन षड्ज एक होण्याची वाट बघत बसलेली ती वीस मिनिटं कोणत्याही पलट्यापेक्षा कानाला जास्त देतात. सहा महिन्यांत तेच काम पाच मिनिटांत होतं, आणि एव्हाना त्या मुलाला पेटीचा गंधार खटकू लागलेला असतो.

छेडायचं नखाने नाही, बोटाच्या मांसल कडेने, तारेच्या साधारण मध्यावर. पंचमाला मधलं बोट, उरलेल्या तिघींना तर्जनी. तार ओढायची नाही, बोट तिच्यावरून सरकवायचं. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला पहिली तार मध्यमात, मारवा-पूरियाला निषादात. मध्यमावर लावलेल्या तंबोऱ्यात पंचमातला रियाझ करून बघा, राग आणि आधार यांचं नातं कुठल्याही पुस्तकाशिवाय कळेल.

उणिवा आहेतच, आणि त्या मोकळेपणाने सांगायला हव्यात. जागा लागते, चार-पाच फुटांचं नाजूक वाद्य लहान फ्लॅटमध्ये, धावत्या मुलांच्या घरात सांभाळणं सोपं नाही. एसीच्या झोताखाली किंवा उन्हात ठेवला की भोपळा तडकतो. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या खोलीत हा धोका सगळ्यात मोठा. तिथे खोलीत दमटपणा टिकवण्याची सोय नसेल तर भोपळ्याशिवायची, चपट्या पेटीची प्रवासी तंबोरी घ्यावी. तिचा खर्ज उथळ असतो, गंधार मात्र येतो. रोज वापरात घोडीवर तारांच्या खाचा पडतात, आवाज पत्र्यासारखा होतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी जवारी काढून, म्हणजे घोडीचा माथा पुन्हा घासून, घ्यावी लागते. हे काम कानस हातात घेऊन घरी करू नका. एका चुकीच्या फटक्यात घोडी वाया जाते. जवारी काढणारे हात पुण्या-मुंबईत आहेत, बाकी ठिकाणी थोडे आहेत, म्हणून घेतानाच कारागिराला विचारा की दुरुस्तीसाठी तो कुठे भेटेल.

घामाच्या हाताने पोलादी तारा गंजतात, रियाझ संपला की कोरड्या मऊ कापडाने पुसा, आणि जोडीच्या तारांचा एक जादा संच (0.30 मिलिमीटरच्या आसपासचा, पण नेमका आकडा कारागिराकडून लिहून घ्या) गवसणीच्या खिशात असू द्या. एका वेळी एकच तार बदला. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. चारही तारा एकदम सोडल्या की ती घसरते आणि तिची नेमकी जागा सापडत नाही. आणल्या दिवशीच घोडीच्या पायांभोवती तबलीवर पेन्सिलने फिकट रेघ मारून ठेवा. प्रवासात तारा एक-दोन स्वर उतरवायच्या, पूर्ण सैल करायच्या नाहीत. कापडी गवसणी धुळीपासून वाचवते, धक्क्यापासून नाही; एसटी-रेल्वेने न्यायचा असेल तर फायबरची पेटी हवीच.

किंमत डब्याच्या कैक पटींनी जास्त पडते आणि कारागिरागणिक बदलते. जुना तंबोरा स्वस्तात मिळत असेल तर नाक मुरडू नका. मुरलेल्या लाकडाचा, सरळ दांडीचा, भोपळा अभंग असलेला जुना तंबोरा नवी घोडी आणि नव्या तारा घालून नव्याहून गोड बोलतो. क्लास चालवणाऱ्यांनी तर एक तरी खरा तंबोरा क्लासमध्ये ठेवावा आणि आठवड्याला एका मुलाकडून लावून घ्यावा. मोडेल या भीतीने तो गवसणीतच राहिला तर दोन वर्षांत खुंट्या घट्ट बसतात, तारा गंजतात आणि आवाज मिटतो. रोज हात लागलेला तंबोरा दीर्घकाळ चालतो, मुलांचे हात असले तरी.